आस्मानी साडी आणि ढगांची काच

१९४४ साली, होळीच्या थोडे आधी, माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो नगरहून जामखेडला गेला आणि आठवड्याने परत आला. फोटो स्थळाकडे पाठवला होता. परत घेऊन आलेले गृहस्थ मुलाचे लांबचे मामा होते. ते दर आठवड्याला बाजाराच्या कामाने नगरला येत आणि मध्यस्थीही करत. त्यांनी फोटो पाटावर उलटा ठेवला, पाणी प्यायले आणि आईला विचारले, "वैनी, राग मानू नका. पोरगी पयली दिलेली हुती का कुठं?"

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"म्हणजे?"

"म्हंजी लग्न होऊन... मागं आलेली न्हाई ना?"

बहीण तेव्हा अठरा वर्षांची होती. सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन ती मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि ती नोकरी तिला सोडायची नव्हती. त्याआधी आलेल्या प्रत्येक स्थळाने मुलीची नोकरी बंद होईल हे आधीच सांगून टाकले होते. जामखेडचा मुलगा स्वतः शाळामास्तर होता. तिथल्या मुलींच्या शाळेला शिक्षिका मिळत नव्हती, आणि बायकोने शिकवायला त्याची ना नव्हती. मात्र त्या घरात शब्द चाले तो त्याच्या आत्याबाईंचा. असे स्थळ दुसरे येईल, असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते. बहिणीला तर मुळीच नाही.

पाहुण्यांनी फोटो सरळ केला. आत्याबाईंनी जे दाखवून दिले होते तेच त्यांनी बोटाने आम्हाला दाखवले. मुलीच्या अंगावर पांढरी साडी होती. साडीला काळा काठ होता. कपाळावर काळा ठिपका होता. हात मांडीवरच्या पुस्तकामागे असल्यामुळे बांगड्या दिसत नव्हत्या.

"पांढरं लुगडं आन् कपाळाला कुकवाच्या जागी बुक्का," पाहुणे म्हणाले. "आत्याबाई म्हनल्या, आता तुमीच सांगा ह्याचा अर्थ."

प्रत्यक्षात साडी फिकट आस्मानी होती, तिचा काठ लाल होता आणि कपाळावर कुंकू होते. आस्मानी साडी आईने निवडली होती, कारण फिकट रंगात मुलगी उजळ दिसते असे तिचे म्हणणे होते. फोटोग्राफरने फोटोवर रंग भरून देऊ का, असे विचारले होते. आईने नको सांगितले. रंग भरलेल्या फोटोतली माणसे जत्रेतल्या बाहुल्यांसारखी दिसतात, असे तिचे मत होते. फोटो तयार होऊन आल्यावर घरातल्या सगळ्यांनी तो पाहिला. शेजारच्यांनीही पाहिला. मी त्या वेळी एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत असे. चुका शोधणे हेच माझे काम होते, आणि मीही तो पाहिला. साडी आम्ही नेसताना पाहिली होती, त्यामुळे फोटोतही ती आम्हाला निळीच दिसली. जामखेडच्या माणसांनी ती पाहिलेली नव्हती. त्यांनी फोटोत जे होते तेवढेच पाहिले.

आईने ट्रंक उघडून साडी आणली आणि पाहुण्यांच्या मांडीवर टाकली.

"बघा. डोळ्यांनी बघा."

पाहुण्यांनी साडी उलटसुलट करून पाहिली. "मला पटलं वैनी. पर हे मी तिथं सांगितलं तर आत्याबाई म्हनतील, रंगाऱ्याकडून बुडवून आनली. लुगडं रंगवायला कितीसा वेळ लागतो?"

"मग दुसरी साडी नेसवून दुसरा फोटो काढते. हिरवीगार."

"मग म्हनतील, पयलं झाकलं."

"याच फोटोवर रंग भरून देते."

"म्हनतील, वरनं रंग फासला."

"बांगड्या दिसतील असा बसवते!"

"फोटोपुरत्या बांगड्या कुनी बी चढवंल." पाहुण्यांनी टोपी नीट केली. "मी तुमच्याच बाजूचा हाय. पर आत्याबाईला तुमी वळखत न्हाई. त्या बाजारात वांगी घेतात तर पोतं पालथं करून घेतात. लुगडं तेच पायजे आन् त्याला रंग हाय हे फोटूतच दिसाया पायजे. परवा सकाळच्या मोटारीनं मी जानार. त्याच्या आत बघा काय जमतंय ते."

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्या फोटोवाल्याला विचारते आता."

फोटोग्राफरचे दुकान कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होते. ते मुसलमान होते, पन्नाशीच्या पुढचे. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणत. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या बाजूला काचेचे छत होते आणि त्याखाली एक खुर्ची, एक स्टूल आणि कापडावर रंगवलेला बगीचा होता. नगरच्या बऱ्याच कुटुंबांचे फोटो त्या बगीच्यासमोर निघालेले होते. आम्ही तिघे गेलो. आईने फोटो त्यांच्या समोर ठेवला.

"चाचा, माझ्या मुलीला विधवा केलीत तुम्ही."

चाचांनी फोटो पाहिला, कान पकडले आणि म्हणाले, "तौबा. भाभी, मी तर रंग भरतो म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, बाहुली दिसते."

"निळं ते निळं दिसू नये का?"

"कॅमेऱ्यात फोटोची प्लेट असते ना, तिला निळं पांढरंच दिसतं. आभाळ नाही का पांढरं येत? आणि लाल तर तिला दिसतच नाही. म्हणून तर आत लाल दिवा लावून मी प्लेट धुतो. तिच्या लेखी तो अंधार."

आईला यातले काही पटले नाही. बहिणीला पटले. ती शाळेत चित्रकलाही शिकवत असे. पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर सहा रंग लावून तिने मुलींसाठी एक चक्र केले होते. त्यात तांबड्यासमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा आणि निळ्यासमोर नारिंगी येई. शेजारी ठेवले की हे रंग एकमेकांना उठाव देतात आणि एकमेकांत मिसळले की मरतात, हे मुलींना समजावे म्हणून ती घरून भाजी घेऊन जात असे. शाळेत तिला त्यामुळे भाजीवाल्या बाई असे नाव पडले होते.

"चाचा, आभाळ नेहमीच पांढरं येतं?" तिने विचारले.

"ढग हवे असले की भिंगासमोर काच लावतो. पिवळी. मग आभाळ काळपट येतं आणि ढग पांढरे उठून दिसतात."

"ती काच कुठे आहे?"

"पेटीत. किल्ल्याचे फोटो काढायचो तेव्हा लागायची. आता तिथे पुढारी कैदेत आहेत, किल्ल्याच्या आसपास कॅमेरा नेला तर मलाच आत टाकतील. ढगांची काच पडून आहे."

"ती माझ्यावर लावा."

चाचा हसले. "बेटी, ती ढगांची काच आहे. माणसांवर कोण लावतं?"

"आभाळ निळं, साडी निळी. काचेला काय माहीत आभाळ कोणतं आणि साडी कोणती?"

चाचांचे हसू थांबले. त्यांनी एकदा साडीकडे आणि एकदा छताच्या काचेतून वर पाहिले. आयुष्यभर त्यांनी ती काच ढगांसाठी वापरली होती. तिचे नावच ढगांची काच होते. ती दुसऱ्या कशावर चालेल का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनाही विचारावेसे वाटले नव्हते.

अडचण प्लेटांची होती. लढाईमुळे माल येत नव्हता. चाचांकडे एका खोक्यात तीन प्लेटा उरल्या होत्या आणि पुढचा माल कधी येईल, हे मुंबईचा व्यापारीही सांगू शकत नव्हता. बहिणीने आणखी एक मागणी केली. आधी तिचा फोटो नको, वस्तूंचा हवा.

"कसल्या वस्तू?"

"लिंबू. मिरच्या. वांगं. सगळ्यांना रंग माहीत असतात अशा. आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात असतात त्या. लिंबू पिवळं असतं हे त्यांना मी सांगायला नको आणि मध्यस्थांनीही नको."

"लिंबू-मिरचीचा फोटो?" चाचा आईकडे वळले. "भाभी, माझ्या दुकानाला नजर लागलीय असं तुमच्या मुलीला वाटतंय का?"

"लागलीच आहे," आई म्हणाली. "तिचीच लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मंडईतून वस्तू आणल्या. लिंबे होती, श्रीगोंद्याकडची, पातळ सालीची. एक संत्रे होते. वाळलेल्या लाल मिरच्या, हिरव्या मिरच्या आणि एक काळसर जांभळे वांगे होते. घरून एनॅमलची निळी ताटली घेतली. चाचांनी वरच्या मजल्यावर स्टुलावर पांढरे कापड पसरले. बहिणीने मांडणी केली. निळ्या ताटलीत संत्रे आणि लिंबे, हिरव्या मिरच्यांवर लाल मिरच्या, वांगे एका कडेला. स्टुलाच्या कोपऱ्यावर तिने आस्मानी साडीचा पदर ताटलीला लागून सोडला. काचेच्या छतातून उजेड झिरपत होता. निळ्या ताटलीत संत्रे पेटल्यासारखे दिसत होते. चाचा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काय झालं?" आईने विचारले.

"काही नाही," आतून आवाज आला. "कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं रंगीत दिसतं, भाभी. उलटं, पण रंगीत. इतकी वर्षं मी फक्त माणसांचे डोळे मिटलेत का एवढंच बघत आलो."

प्लेट वाचवण्यासाठी त्यांनी एक युक्ती केली. अर्धी प्लेट काळ्या पुठ्ठ्याने झाकून डाव्या बाजूला काचेशिवाय फोटो घेतला आणि मग उजव्या बाजूला तोच फोटो पिवळ्या काचेतून घेतला. एका प्लेटवर दोन चित्रे येणार होती. ते आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. थोड्या वेळाने ओली प्लेट हातात धरून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. डावी बाजू ठीक होती. उजवी बाजू जवळजवळ कोरी होती.

"काच उजेड खाते," ते म्हणाले. "ढगांना चालतं, आभाळात उजेड भरपूर. इथे जास्त वेळ द्यायला हवा होता. माझ्या लक्षात राहिलं नाही."

दोन प्लेटा उरल्या. एक बहिणीसाठी ठेवायची होती. आई म्हणाली, "लिंबं पुरे झाली. सरळ हिचाच फोटो काढा."

बहीण म्हणाली, "आई, नुसता माझा फोटो गेला तर साडी रंगवली म्हणतील. लिंबं नसतील तर मी खोटी."

"तुझ्यावर विश्वास ठेवायला लिंबं लागतात, असं सासर आपल्याला हवंय का?"

"मला तिथली शाळा हवीय."

आईने संत्र्यावर बसलेली माशी पदराने हाकलली.

दुसऱ्या प्लेटला चाचांनी उजव्या बाजूला भरपूर वेळ दिला. मिरच्या हलत नसल्याचा फायदा होता. या वेळी दोन्ही बाजू आल्या. छापून वाळवलेला कागद त्यांनी आमच्यासमोर ठेवला. डावीकडे ताटली पांढरी होती, पदरही पांढरा होता आणि संत्रे काळपट होते. उजवीकडे ताटली काळपट झाली होती, पदर तिच्याइतकाच गडद झाला होता, लिंबे पांढरी पडली होती आणि संत्रे ताटलीहून उजळ झाले होते. वस्तू त्याच होत्या, जागाही त्याच होत्या. काळे-पांढरे तेवढे उलटले होते. लाल मिरच्या मात्र दोन्ही बाजूंना काळ्याच होत्या.

"पिवळी काच चक्रात आपल्यासमोर येणाऱ्या जांभळ्याला आणि त्याच्या शेजारच्या निळ्याला आत येऊ देत नाही," बहीण म्हणाली. "निळा अडतो, म्हणून काळा होतो. लाल तर प्लेटला मुळात दिसतच नाही."

"म्हणजे कुंकू काळंच येणार," मी म्हणालो.

"येऊ दे. मिरची काळी आहे ना शेजारी? लाल मिरची काळी तर कुंकूही काळं. एवढं त्यांना कळेल."

शेवटची प्लेट तिची होती. तीच साडी, तीच खुर्ची. फक्त पुस्तक काढून हात मांडीवर ठेवले. पिवळ्या काचेमुळे तिला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ न हलता बसावे लागणार होते. चाचांनी तिच्या मानेमागे आधाराचा लोखंडी चिमटा लावला आणि म्हणाले, "बेटी, वांग्यासारखी बस." ती हसली. चाचांनी ती थांबण्याची वाट पाहिली. मग भिंगावरचे टोपण काढले. आम्ही सगळेच श्वास रोखून उभे होतो. गल्लीतून टांगा गेला तेव्हा जमीन किंचित थरथरली आणि आईने डोळे मिटून घेतले.

फोटो चांगला आला. साडी गडद करडी दिसत होती, पांढरी म्हणण्याची सोय नव्हती. चेहरा पहिल्या फोटोपेक्षा बराच उजळ आला होता. आई तो पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

"चाचा, हे आधी का नाही केलंत? किती गोरी आलीय!"

"ती काचेची करामत आहे," बहीण म्हणाली. "मी काही गोरी झाले नाही."

"हे तिथे सांगायची गरज आहे का?"

"आहे. नाहीतर बघायला आल्यावर म्हणतील, फोटोतली दुसरी होती."

पाहुणे मोटारीवर जायला निघाले तेव्हा आम्ही स्टँडवर गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार अजून तापत होती. क्लीनर मागच्या भट्टीत सळई घालत होता. बहिणीने दोन्ही फोटो पाहुण्यांना दाखवले आणि सगळे समजावून सांगितले. त्यांनी लिंबांचा फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"लाल मिरची काळी, निळी ताटली हिकडं पांढरी, तिकडं काळी," ते पाठ केल्यासारखे म्हणाले. "आन् पोरगी?"

"सावळी," बहीण म्हणाली. "फोटोत दिसते त्यापेक्षा सावळी. हे आठवणीने सांगा."

पाहुणे आईकडे बघून म्हणाले, "वैनी, ही शाळेत शिकवती का कोर्टात?"

पुढच्या आठवड्यात ते परत आले. या वेळी त्यांनी पाणी मागितले नाही, चहा मागितला. मग सगळा प्रकार सांगितला. आत्याबाईंनी तो फोटो अंगणात नेला. घरातले लिंबू, मिरच्या आणि वांगे आणून फोटोशेजारी मांडले. त्यांची एनॅमलची ताटली पांढरी होती, म्हणून शेजारून निळी मागवली. संत्रे गावात मिळाले नाही, त्याबद्दल त्या दुकानदाराला बोलल्या. मग उन्हात बसून एकेक वस्तू फोटोशी लावून पाहिली. शेजारच्या बायका जमल्या.

"एक बाई म्हनली, आवो, ही पोरगी लिंबू-मिरची घेऊन फोटू का काढती? काय करनी-बिरनी?" पाहुणे बशीत चहा ओतत म्हणाले. "आत्याबाई तिच्यावर लई तापल्या. म्हनल्या, करनी करनारी आधी रंग समजावून सांगती का?"

"मग शेवटी काय म्हणाल्या?" आईने विचारले.

"परत एकदा मिरची उचलून फोटूला लावून बघितली. मग म्हनल्या, मिरची काळी तर कुंकू काळं. बराबर हाय. मग इचारलं, हे मांडलं कुनी, फोटूवाल्यानं का पोरीनं? मी म्हनलं, पोरीनं. तर म्हनल्या, मग हिला शाळंतच जाऊ द्या बाबा. घरात बसवली तर रोज मलाच शिकवंल."

बहीण आतल्या दाराशी उभी होती. ती वळून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला.

होळी झाल्यावर जामखेडची मंडळी मुलगी पाहायला आली. आत्याबाई बरोबर होत्या. मुलीने तीच साडी नेसावी, असा निरोप त्यांनी आधीच पाठवला होता. बहीण पोहे घेऊन बाहेर आली. आत्याबाईंनी तिला जवळ बसवले, साडीचा पदर हातात घेतला, बोट जिभेला लावून ओले केले आणि पदराचा कोपरा चोळला. मग बोट उजेडात धरून पाहिले. बोटाला रंग लागला नव्हता.

"आन् ही साडी हाय तरी कसल्या रंगाची?" त्यांनी बहिणीला विचारले. "आस्मानी का मोरपंखी?"

"आस्मानी."

"मला मोरपंखी वाटती."

"छताखाली बसलात म्हणून. अंगणात चला."

मुलाने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिले. दोघी अंगणात गेल्या. आम्ही बाकीचे पोह्यांच्या बशा धरून बसून राहिलो. आत आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आस्मानी." मग त्यांनी कुंकवाची डबी मागितली.

लग्न वैशाखात नगरला झाले. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा बहीण जामखेडच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली.